उत्तर: भीमगडच्या जंगलातली गावं

एका प्रतिसादात 'अभयारण्यातल्या गावांना पैसे देऊन बाहेर काढा, जंगल आपोआप वाचेल' असं म्हटलंय. इतकं सोपं नाही ते. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातलं भीमगड अभयारण्य जाहीर झालं 2011 साली. खानापूर तालुक्यातली ही गावं त्याच्या कितीतरी आधीची. रस्ता, दवाखाना नाही म्हणून कुणी स्वतःहून निघत असेल तर अडवू नये. पण तो निर्णय त्यांचा. 2006 च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय गावाला हलवता येत नाही, आणि सामूहिक वनहक्क मिळाला की जंगल राखायचा अधिकारही गावाकडेच येतो.

पण या हक्काचा दावा करताना घोडं अडतं पुराव्यावर. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. लोक सातबारा शोधत बसतात. पण या कायद्याच्या नियमांतल्या नियम 13 मध्ये जुनी विहीर, घराचा चौथरा, स्मशान, देवराई, म्हाताऱ्यांचे लिहून घेतलेले जबाबही चालतात. फक्त एकाहून जास्त पुरावे जोडा. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने कागद मराठीत, काही मोडीत. ते आधी वाचून घ्या. आणि ग्रामसभेची नोटीस नुसती कानडीत आली तर मराठीतही मागा. ज्या आजीला मुरगलाची (कोकमाची) झाडं कुठल्या ओहोळाला आहेत ते तोंडपाठ आहे, तिला ठरावात काय लिहिलंय तेच कळत नसेल तर कसली संमती?

गावातली झाडं, प्राणी आणि लोकांकडचं त्यांचं ज्ञान टिपणाऱ्या जैवविविधता नोंदवहीचंही तेच. ती तालुक्याला बसून भरली तर म्हादई नदीच्या उगमाकडची गावं त्यात नावापुरतीच राहतील.