लांब गॅमा-किरण स्फोट: दुसऱ्या पल्समध्ये शिखर-ऊर्जा तेजाबरोबर का चढते?

खाडीकाठ, ऐरोली
फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या स्फोट टिपणाऱ्या उपकरणाच्या डेटावरून एका लांब (दोन सेकंदांहून जास्त चाललेल्या) गॅमा-किरण स्फोटाचे सेकंदा-सेकंदाचे स्पेक्ट्रम बॅन्ड फंक्शनने (कमी ऊर्जेकडे अल्फा आणि जास्त ऊर्जेकडे बीटा असे दोन उतार असलेल्या वक्राने) फिट केले. पहिल्या पल्समध्ये (तेजाच्या उसळीत) शिखर-ऊर्जा, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये सर्वाधिक ऊर्जा जिथे बाहेर पडते ती जागा, सरळ उतरत जाते. दुसऱ्यात मात्र ती तेजाबरोबर चढते आणि उतरते. स्फोट खरंच असा वागतोय, की फिटिंगमध्ये चूक आहे? रविवारी ठाण्याच्या अभ्यासगटात हे मांडायचं आहे.

येऊररात्र, ठाणे
आधी सेकंदाचे सारखे बिन (वेळेचे तुकडे) सोडा. पल्सच्या सुरुवातीला शिखर-ऊर्जा फार झपाट्याने घसरते. ती सगळी घसरण एका बिनमध्ये आली की स्पेक्ट्रम उगाच रुंद होतो आणि अल्फा जास्त ऋण येतो. टीटीई फाइल (प्रत्येक फोटॉनची वेळ आणि ऊर्जा नोंदवणारी) घ्या, सर्वात उजळ सोडियम आयोडाइड डिटेक्टरवर बेझियन ब्लॉक्स (तेज बदलेल तिथे वेळेचे तुकडे पाडणारी पद्धत) चालवा आणि त्याच वेळा बाकी डिटेक्टर व जास्त ऊर्जेच्या बीजीओ डिटेक्टरला लावा. स्फोटाच्या दिशेपासून 60 अंशांच्या आतले दोन-तीन डिटेक्टर पुरतात. 33 केइव्हीजवळ (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) आयोडीनची के-एज आहे, म्हणजे तिथे आयोडीनचं शोषण एकदम वाढतं. तिथे रेसिड्युअल (डेटा आणि फिट यांतला फरक) उसळत असतील तर 30 ते 40 केइव्ही वगळा. स्टॅटिस्टिक पीजीस्टॅट (फोटॉनच्या मोजणीला पॉइसन, बॅकग्राउंडला गॉसियन धरणारं) ठेवा, काय-स्क्वेअर नको.

बॅकग्राउंड जपून निवडा. स्फोटाची शेपूट संपायच्या आत नंतरचा पट्टा घेतलात, तर तिचे सॉफ्ट (कमी ऊर्जेचे) फोटॉन बॅकग्राउंड म्हणून वजा होतात.

पारसिक
बिन सुधारूनही चढ राहिला, तरी तो लगेच खरा मानू नका. पहिल्या पल्सची सॉफ्ट शेपूट दुसऱ्याच्या हार्ड (जास्त ऊर्जेच्या) सुरुवातीखाली दडलेली असते. दोन्हींच्या बेरजेवर एकच बॅन्ड फिट केला की सुरुवातीची शिखर-ऊर्जा खाली ओढली जाते. नवा पल्स वरचढ झाला की ती चढल्यासारखी दिसते. शेपटीचा उतार पुढे वाढवून तिला कटऑफ पॉवर-लॉचा (एकच उतार आणि पुढे झपाट्याने घसरणाऱ्या वक्राचा) वेगळा घटक द्या, मग पुन्हा फिट करा. चढ नाहीसा झाला तर तो पल्स एकमेकांवर आल्यामुळेच होता. टिकला तर मात्र दखल घ्या, कारण सुट्या पल्समध्येही तेजामागे चालणारी शिखर-ऊर्जा सापडते.

हात बसवायला जीआरबी 130427ए (27 एप्रिल 2013 चा अतितेजस्वी स्फोट) चा पहिला, अडीच सेकंदांचा पल्स घ्या. उतार अगदी स्वच्छ दिसतो. पुढचा भाग नको, तिथे डिटेक्टर सॅच्युरेट झाले होते (फोटॉनच्या माऱ्यात मोजणी कोलमडली होती).

खाडीकाठ, ऐरोली
शेवटच्या ब्लॉकमध्ये बीटा −9 येतोय, अल्फाची एररही प्रचंड आहे.

येऊररात्र, ठाणे
तिथे बॅन्ड झेपणार नाही, कटऑफ पॉवर-लॉ लावा. शिखर-ऊर्जा 20 केइव्हीच्या आसपास आली असेल तर त्या बिनचा अल्फा आलेखात घेऊच नका. सोडियम आयोडाइडची कक्षा 8 केइव्हीला सुरू होते. शिखराच्या खाली उतार ठरवायला चॅनेलच उरत नाहीत.