39 नावांपायी 31 हजार

जोशी काका (बी-304): *फॉरवर्डेड* अमेरिकेत लाखो परदेशी बोगस मतदान करतात!! नागरिकत्वाचा पुरावा सक्तीचा झालाच पाहिजे. पटलं तर पुढे पाठवा 🙏

साळवी (सेक्रेटरी): काका, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

जोशी काका: अहो, पुरावा मागितला तर बिघडलं कुठे? प्रामाणिक माणसाला भीती कसली?

स्वप्ना (सी-502): काका, कॅन्ससमध्ये हे करून झालंय. नणंद तिकडे असते म्हणून तेव्हा सगळं वाचत होते. क्रिस कोबाक तेव्हा तिथले सेक्रेटरी ऑफ स्टेट. (आपल्या साळवींसारखे नव्हे, राज्याच्या निवडणुका बघणारे.) परदेशी लोक मतदार यादीत घुसलेत हा त्यांचा धोशा. 2013 पासून नवीन मतदाराला जन्मदाखला, पासपोर्ट असं काहीतरी दाखवणं सक्तीचं झालं.

जोशी काका: मग? सापडले ना चोर?

स्वप्ना: 19 वर्षांत यादीत शिरलेले जास्तीत जास्त 39. आणि कागद नाही म्हणून अडकलेले अर्ज 31 हजारांवर.

देशपांडे आजी (ए-101): ते सगळे परदेशी?

स्वप्ना: नाही हो आजी, बहुतेक सगळे तिथलेच. एकाचा जन्म हवाई दलाच्या तळावरचा, तो तळच पुढे बंद पडला. दाखला शोधायचा कुठे?

देशपांडे आजी: माझी तरी खरी जन्मतारीख कुठे कोणाला ठाऊक आहे. मास्तरांनी शाळेत 1 जून लावली, तीच चाललीय.

जोशी काका: 39 तर 39. चोरी ती चोरीच.

निनाद (ए-603): टेक्सासचं ऐका मग. 2011 च्या कायद्यात मतदानाला पिस्तुलाचा परवाना चालायचा, कॉलेजचं ओळखपत्र नाही. मी ऑस्टिनला शिकत होतो, रूममेट तिथलाच. जाम चिडायचा. पिस्तुलाचा परवाना कोणाकडे असतो आणि कॉलेजचं कार्ड कोणाकडे, बघा तुम्हीच.

जोशी काका: कॅन्ससचं पुढे काय झालं?

स्वप्ना: 2018 ला न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी ती सक्ती रद्द केली. कोबाक म्हणत होते, 39 हे हिमनगाचं टोक. बाईंनी निकालात लिहिलं, हिमनग नाहीच, नुसती लोंबणारी बर्फाची काडी आहे, तीही बरीचशी गोंधळ आणि कारकुनी चुकांची. कोबाक स्वतःच वकील म्हणून उभे होते. त्यांना वर कायद्याच्या 6 तासांच्या शिकवणीला बसायला सांगितलं 😀

निनाद: ट्रम्पनी 2017 ला याच कोबाकना घेऊन आयोग नेमला होता. 2016 ला 30 ते 50 लाख बोगस मतं पडली म्हणे. जानेवारी 2018 ला गुंडाळला, हाती काही न लागता.

जोशी काका: बरं. पण तळमजल्यावरचे अण्णा जाऊन चार वर्षं झाली, यादीत नाव आहेच ना?

स्वप्ना: आहे. फॉर्म 7 भरून ते काढायलाच हवं. पण त्यासाठी आजींकडे जन्मदाखला कशाला मागायचा?

साळवी: फॉर्मची प्रिंट माझ्याकडे आहे. काका, उद्या सातला ऑफिसात या. वरचा मेसेज डिलीट करताय ना?

जोशी काका: इथला करतो. भजनी मंडळात सकाळीच गेलाय, तो कसा काढू?