मंगळावरच्या यानांच्या तारा पुसायला हव्या होत्या का?

जुनी टॉकीज (धागाकर्ता)

मंगळवासी पृथ्वीवर चढाई करतात तो १९५३ सालचा ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ मी गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोनदा पाहिला. एकदा माझ्याकडच्या जुन्या डीव्हीडीवर आणि एकदा क्रायटेरियन या जुने चित्रपट चकतीवर काढणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०२० साली काढलेल्या ब्ल्यू-रेवर. मंगळावरची याने खळग्यातून वर येतात आणि सैन्यावर चालून जातात, तो सगळा भाग मी दोन्हीकडे थांबवत थांबवत पाहिला. डीव्हीडीवर यानांना तोलून धरणाऱ्या तारांचा अख्खा जुडगा दिसतो, इतका ठळक की एकदा नजरेत भरला की पुढे दुसरे काही दिसत नाही. ब्ल्यू-रेवर मात्र त्या जागी नितळ आभाळ आहे, कारण रिस्टोरेशन करताना त्या तारा संगणकावर पुसून टाकल्या आहेत.

माझा आक्षेप तत्त्वाचा आहे. अल्बर्ट नोझाकी यांनी आखलेली ती तांब्याची याने तारांवरच टांगलेली होती, त्यांच्यापैकी काही तारांमधून यानाच्या आतल्या दिव्यांना वीजही जात होती, आणि हे सारे कॅमेऱ्यासमोर हाताने घडवले गेले होते. त्या कामासाठी चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले. जे निगेटिव्हवर उमटले आहे ते आज आपल्या सोयीसाठी पुसणे म्हणजे हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडावर जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासण्यासारखे आहे. देऊळ चकचकीत दिसते, भाविक खूश होतात, पण पाथरवटाच्या छिन्नीची खूण कायमची झाकली जाते.

तिसरी घंटा

तुमच्या तक्रारीतील कळकळ मान्य करूनही सांगतो, की उपमा आपण उलटी लावली आहे. या प्रकरणात ऑइलपेंट नंतर लागला होता आणि क्रायटेरियनच्या चकतीसाठी तो खरवडून काढला गेला.

हा चित्रपट तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर कॅमेऱ्यावर, म्हणजे तीन रंग तीन वेगळ्या फिल्मपट्ट्यांवर टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर, चित्रित झाला. त्या पद्धतीत चित्रपटगृहासाठी जी प्रत निघायची ती नेहमीसारखी निगेटिव्हवरून छायाचित्र छापून निघत नसे. तीन रंगांसाठी जिलेटिनचे तीन ठसे तयार करून, एकेक रंग क्रमाने कोऱ्या फिल्मवर उठवला जाई, जवळजवळ लिथो प्रेसवर कॅलेंडर छापावे तसा. रंग ओला असल्याने तो कडेला किंचित पसरायचा. त्या किंचित पसरण्यात केसासारखी बारीक तार बुडून जाई आणि हे ट्रिकचे काम करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी तारा तेवढ्याच लपवल्या जेवढ्या १९५३ च्या प्रेक्षकापासून लपणे आवश्यक होते. पुढे याच चित्रपटाच्या प्रती ईस्टमनकलरवर, म्हणजे ठशांऐवजी थेट छायाचित्र छापणाऱ्या रंगीत फिल्मवर, निघू लागल्या, त्या अधिक उजळ आणि अधिक रेखीव होत्या, आणि तारा उघड्या पडल्या. तुमच्या डीव्हीडीवर दिसते ते या नंतरच्या पिढीचे रूप आहे. १९५३ साली तिकीट काढून बसलेल्या माणसाला तो जुडगा दिसलाच नव्हता. मग मूळ कृती कोणती, निगेटिव्ह की पडदा?

काचेचा डोळा

तिसरी घंटा यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, तरी त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. टेक्निकलरच्या प्रतीत तारा पुसट होत असत, नाहीशा होत नसत. मग प्रामाणिक मार्ग असा होता की जुनी टेक्निकलर प्रत शेजारी ठेवून प्रतिमेचा कडकपणा आणि उजेड तिच्याइतका कमी करायचा, म्हणजे तारा जितक्या बुडायच्या तितक्या बुडाल्या असत्या. प्रत्यक्षात घडले असे की चित्र आजच्या मोठ्या टीव्हीला शोभेल इतके लख्ख ठेवले आणि त्या लख्खपणामुळे जे उघडे पडले ते तेवढे पुसले. दोन्ही डगरींवर हात ठेवायचे आणि वर त्याला ‘१९५३ चा अनुभव’ म्हणायचे, हे मला खटकते.

शिवाय ही वाट कुठे जाते ते पाहा. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये काँगच्या अंगावरची फर सतत थरथरते. मार्सेल डेलगाडो यांनी घडवलेल्या त्या बाहुल्यांवर सशाचे कातडे चढवलेले होते, आणि विलिस ओब्रायन व त्यांचे सहकारी चित्राच्या दर चौकटीला (फ्रेमला) बाहुली हाताने किंचित हलवत, तेव्हा बोटांचा दाब पडून केस इकडचे तिकडे होत. तो शुद्ध दोष होता. पण पडद्यावर काँग रागाने शहारल्यासारखा दिसतो आणि तो त्या दोषामुळेच जिवंत वाटतो. उद्या कोणी म्हणाले, की निर्मात्यांना फर स्थिरच हवी होती, आम्ही त्यांची इच्छा पुरी करतो, तर त्याला कोणत्या तोंडाने अडवणार?

तिसरी घंटा

त्याच तोंडाने, कारण कसोटी एकच आहे. फरीची थरथर १९३३ च्या पडद्यावर दिसत होती, म्हणून ती राहील. तारा १९५३ च्या पडद्यावर दिसत नव्हत्या, म्हणून त्या जातील. निर्मात्याच्या मनात काय होते याचा शोध मी घेतच नाही, त्याला अंत नाही. पहिल्या प्रेक्षकापुढे काय आले एवढेच मी विचारतो. चित्र मऊ ठेवायला हवे होते हा आपला मुद्दा मात्र मी खोडून काढू शकत नाही.

पाटी-पेन्सिल

तारांवर इतका खल चालला आहे म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो, की या जातीच्या चित्रपटांत ‘मूळ’ हा शब्द मुळातच डळमळीत आहे. १९२५ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’चे उदाहरण घ्या, म्हणजे ओब्रायन यांचाच, लंडनमध्ये ब्रॉन्टोसॉरस मोकाट सुटतो तो मूकपट. १९२९ च्या सुमारास तो वितरणातून काढून घेतला गेला, ज्ञात प्रती नष्ट करण्यात आल्या, आणि घरगुती प्रोजेक्टरसाठी काढलेली सोळा मिलिमीटरची निम्म्याने कापलेली आवृत्ती तेवढी दीर्घकाळ हाती राहिली. कित्येक दशके लोकांनी पाहिलेला ‘लॉस्ट वर्ल्ड’ तो होता. पुढे १९९० च्या दशकात चेक संग्रहालयातून बरीच भरगच्च प्रत मिळाली, ठिकठिकाणचे तुकडे जोडले गेले, आणि २०१७ साली फ्लिकर अ‍ॅली या चकत्या काढणाऱ्या कंपनीने सुमारे १०४ मिनिटांचा ब्ल्यू-रे काढला, रात्रीच्या आणि आगीच्या दृश्यांना रंगछटा देऊन.

त्या चकतीवर एक तुकडा स्वच्छ, पुढचा तुकडा ओरखड्यांनी भरलेला, त्यापुढचा धूसर, अशी चौकटींची गोधडी दिसते. मला ती गोधडी आवडते. शिवण दिसली की कळते कोणता तुकडा कुठल्या हालअपेष्टांतून आला. पण ती १९२५ च्या प्रेक्षकाने पाहिलेली नाही, तेव्हा तिसरी घंटा यांच्या कसोटीने तो प्रत्येक ओरखडा पुसायलाच हवा. पुसता येत नाही म्हणून राहिला, एवढेच.

उंबरठा

तात्त्विक चर्चेत व्यत्यय आणतो, क्षमस्व. मी हीच क्रायटेरियनची चकती परदेशातून मागवली, विक्रेत्याने ती ‘सगळीकडे चालते’ असे लेखी कळवले, आणि घरच्या प्लेअरने ती सरळ परत ओकून दिली. ब्ल्यू-रे चकत्यांना जगाच्या ठरावीक प्रदेशापुरते कुलूप असते; ती ‘ए’ प्रदेशाची आहे आणि भारत ब्ल्यू-रेच्या ‘सी’ प्रदेशात येतो. जकात आणि टपाल धरून जे पैसे गेले त्यात माझ्या गावच्या टॉकीजमध्ये वर्षभर सिनेमे पाहून झाले असते. आपण तारांविषयी भांडता आहात, मला यानेच दिसलेली नाहीत.

जुनी टॉकीज

उंबरठा, आपल्या दुःखात सहभागी आहे. सर्व प्रदेशांच्या चकत्या चालवणारा प्लेअर घेईपर्यंत मीही तेच भोगले आहे. चार-के (ब्ल्यू-रेहून अधिक बारकावे दाखवणाऱ्या) चकत्यांना प्रदेशाचे कुलूप नसते, तेवढाच दिलासा.

तिसरी घंटा यांनी ठशांच्या छपाईविषयी जे लिहिले त्याने माझी ऑइलपेंटची उपमा लंगडी झाली, हे कबूल करतो. तारा जाणे हा अपराध आहे असे आता म्हणत नाही. माझी तक्रार वेगळ्या जागी सरकली आहे. याच चकतीवर ध्वनीचे दोन मार्ग दिले आहेत: एक जुना मोनो (एकाच दिशेचा), आणि दुसरा ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी नव्याने बांधलेला सराउंड (चहूबाजूंचा). ज्याला हवा तो त्याने ऐकावा. तारांना मात्र पुसल्याखेरीज दुसरा पर्याय नाही. वास्तविक बाहुल्या हलवून ट्रिकदृश्ये करणाऱ्या रे हॅरीहाउसेन यांच्या ‘ट्वेंटी मिलियन माइल्स टू अर्थ’ची २००७ सालची आवृत्ती आठवा. १९५७ च्या त्या कृष्णधवल चित्रपटाला त्यांच्या संमतीने रंग चढवला गेला, तरी मूळ कृष्णधवल रूप त्याच संचात ठेवले होते आणि रिमोटचे बटण दाबून चालत्या दृश्यात एकातून दुसऱ्यात जाता येत होते. मी शुक्रावरच्या त्या यमिर प्राण्याची हत्तीशी झुंज चालू असताना दहा वेळा ते बटण दाबले असेल. रंग मला आवडला नाही, पण निवड माझ्या हातात होती.

तिसरी घंटा

रंगाची तुलना इथे चालणार नाही, कारण कृष्णधवल रूप खरोखर प्रदर्शित झाले होते, तर तारांचे रूप ही छपाई बदलल्याने झालेली चूक आहे. चुकीची आवृत्ती जपून कशासाठी ठेवायची?

काचेचा डोळा

कारण ती चूक तीस-चाळीस वर्षे टीव्हीवर आणि कॅसेटवर चालली, आणि आपल्यापैकी अनेकांनी हा चित्रपट त्याच रूपात प्रथम पाहिला. ‘गॉड्झिला’च्या बाबतीत क्रायटेरियनने हेच ओळखले होते. इशिरो होंडा यांच्या १९५४ च्या जपानी चित्रपटात कात्री चालवून, अमेरिकी नट रेमंड बर यांना मधे घुसवून १९५६ साली अमेरिकी आवृत्ती काढली गेली. ती विकृतीच होती, तरी २०१२ च्या ब्ल्यू-रेवर दोन्ही आहेत. कारेल झेमान यांच्या नदीतून भूतकाळात जाणाऱ्या चार मुलांच्या चेक चित्रपटालाही अमेरिकेत वेगळी सुरुवात चिकटवली होती, तीही क्रायटेरियनच्या झेमान संचात मूळ चित्रपटाबरोबर मिळते. मोडतोडीला जागा मिळते, मग तारांना का मिळू नये?

तिसरी घंटा

तुमच्या या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, एवढेच म्हणेन की चकतीवरची जागा मोजकी असते आणि मी ती मोनो ध्वनीसाठी आधी खर्च करीन.

उंबरठा

जुनी टॉकीज, आपल्या त्या प्लेअरचे मॉडेल कोणते? आणि ती तारांची जुनी डीव्हीडी विकायची असेल तर मी घेतो. निदान ती इथे चालेल.

जुनी टॉकीज

मॉडेल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. डीव्हीडी मात्र विकणार नाही.