शब्दचर्चा : 'व्हर्च्युअल मशीन'ला 'आभासी यंत्र' म्हणावं का?

मूळ धागाकर्ता

परळला संध्याकाळी मराठी माध्यमातल्या मुलांना संगणक शिकवतो. गेल्या आठवड्यात विंडोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम टाकून त्यात उबुंटू ही दुसरी प्रणाली चालवून दाखवली. लॅपटॉपची रॅम ८ जीबी, त्यातली ४ उबुंटूला दिली, तर बाहेरचा ब्राउझर रखडायला लागला. संगणकाच्या आत चालणाऱ्या अशा संगणकाला 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात, समजावताना मी त्याला 'आभासी यंत्र' म्हणत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, यंत्र आभासी आहे ना, मग रॅम खरी कशी गेली?"

प्रश्न अगदी रास्त होता. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. दोरीच्या जागी साप दिसतो, उन्हात पाणी दिसतं. इथे तसं काही नाही. उबुंटूतली फाइल कायमची पुसली की ती खरंच जाते. तिथला प्रोग्रॅम लॅपटॉपच्या त्याच प्रोसेसरवर चालतो आणि पंखाही खरोखर फिरतो. आपल्याच शब्दामुळे मूल नको त्या जागी अडखळतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. दुसरा शब्द सुचवाल का?

विलेपार्ल्याच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षिका

'आभासी' आला तो प्रकाशाच्या धड्यातून. सपाट आरशातली प्रतिमा आभासी, कारण ती पडद्यावर मिळत नाही. किरण तिथून आल्यासारखे नुसते वाटतात. तिथे हा शब्द चपखल आहे, त्याला हात लावू नये. पुढे संगणकातला 'व्हर्च्युअल' आला आणि तयार शब्द त्याला चिकटवला गेला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बळ, गुण असा आहे. त्यावरून 'नावाने नसलं तरी परिणामाने तेच' असा अर्थ झाला. तुमच्या उबुंटूला हा अर्थ लागू पडतो, आरशाचा नाही.

अंधेरीहून, सर्व्हर सांभाळणारा

ऑफिसात आम्ही सरळ 'व्हीएम' म्हणतो. 'एक व्हीएम उठव', 'व्हीएम बसली'. स्त्रीलिंगी कशी झाली कोण जाणे, बहुधा 'मशीन'मुळे. बोलण्यात हेच राहणार.

पण मास्तरांची शंका बरोबर आहे. ही कल्पना जुनी आहे. मोठ्या संगणकांवर व्हीएम चालवणारी आयबीएमची व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ सालची. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी जी व्याख्या केली, तिचा आशय असा : खऱ्या यंत्राची कार्यक्षम, बाकीच्यांपासून अलग राखलेली प्रतिकृती. कार्यक्षम कशामुळे? बहुतेक सूचना खरा प्रोसेसर थेट पार पाडतो म्हणून. म्हणजे व्याख्येतच खरेपणा आहे. 'प्रतियंत्र' कसं वाटतं?

मूळ धागाकर्ता

'प्रतियंत्र' ऐकायला छान आहे, पण प्रत म्हटली की ती मूळ वस्तूपासून सुटी. इथे एक दुसऱ्याच्या आत आहे, त्याच्याच जिवावर चालतंय. ते शब्दात यायला हवं.

गिरगावातला वकील

मग मराठीत त्यासाठी 'पोट' आहेच की! पोटकलम, पोटनिवडणूक, पोटजात. आणि आपल्या मुंबईचा पोटभाडेकरू. घरमालकाने खोली भाडेकरूला दिली, भाडेकरूने त्यातला कोपरा तिसऱ्याला दिला. जागा वाढली नाही, पण चूल वेगळी, कुलूप वेगळं. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही त्याची दखल आहे. माझं बालपण चाळीतल्या पोटमाळ्याखाली गेलं. चटईक्षेत्र तेवढंच, पण वर दोघं झोपायचे आणि खालच्यांचं डोकं फळीला लागायचं. तुमच्या ८ जीबीतल्या ४ जीबी म्हणजे हाच प्रकार. 'पोटसंगणक' म्हणा.

बदलापूर, भूमापन खात्यातून निवृत्त

सातबाऱ्यावर 'पोटहिस्सा' असतो, तो मात्र लॅपटॉपच्या डिस्कवर दुसरी प्रणाली वेगळ्या भागात टाकतात त्याला जवळचा आहे. तिथे सुरू करतानाच एकीची निवड करायची, दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. मुलांना हा फरक जरूर सांगा.

मूळ धागाकर्ता

वकीलसाहेब, 'पोटसंगणक' मनात बसला. पोटहिस्सा आणि पोटभाडेकरू यांतला फरकही उद्याच फळ्यावर लिहितो. आता बाहेरच्या प्रणालीला 'होस्ट' आणि आतल्या प्रणालीला 'गेस्ट' म्हणतात, त्यांचं काय? यजमान-पाहुणा हे शब्द मला गोड वाटतात, पण पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे ठाऊक असतं. आतल्या प्रणालीला बहुतेक वेळा अख्खा संगणक आपलाच वाटतो. म्हणून मी 'मूळ प्रणाली' आणि 'पोटप्रणाली' म्हणेन.

अंधेरीहून

आणि पोटसंगणक चालवणारा, त्यांना रॅम-प्रोसेसर वाटून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे हायपरवायझर? प्रणालीच्या गाभ्याला पूर्वी सुपरवायझर म्हणत, त्याच्याही वरचा तो हायपर.

गिरगावातला वकील

सुपरवायझर म्हणजे मुकादम. गोदीत, पालिकेत हाच शब्द चालत आला. मग हा बडा मुकादम.

दादर, मॅकबुक वापरणारी

एक भर घालते. २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर इंटेलसाठीची विंडोज अशी पोटात घेता येत नाही, कारण प्रोसेसरची भाषाच वेगळी. तिथे एआरएमवरची, म्हणजे त्या चिपच्या भाषेतली विंडोज लागते. इंटेलसाठीचीच चालवायची तर क्यूएमूसारखा प्रोग्रॅम प्रत्येक सूचना भाषांतरित करत बसतो आणि सगळं मंदावतं. त्याला 'अनुकरण' म्हणतात, पण मला 'दुभाष्या' जास्त नेमका वाटतो. दुभाष्या मध्ये आला की बोलणं लांबतंच.

विलेपार्ल्याच्या शिक्षिका

दुभाष्या अप्रतिम! मात्र 'आभासी' पूर्ण टाकू नका. पोटसंगणकाला ४० जीबीची डिस्क दाखवतात, पण 'वाढत जाणारी' निवडली तर बाहेर तिची फाइल सुरुवातीला अगदी लहान असते. ते ४० जीबी म्हणजे खराखुरा आभास.

मूळ धागाकर्ता

मान्य, तिथे 'आभासी डिस्क'च म्हणेन. आज वर्गात 'पोटसंगणक' वापरला. कुणालाही अर्थ विचारावा लागला नाही. त्याच मुलीने विचारलं, "पोटसंगणक बंद केला की रॅम परत मिळते?" म्हटलं, मिळते. "आणि डिस्कची जागा?" ती आपोआप नाही. आत फाइली पुसल्या तरी बाहेरची फाइल फुगलेलीच राहते, ती वेगळी आवळावी लागते. या आवळण्याला तुम्ही काय म्हणाल?