कांचनजंगा इमारत खरोखर देखणी आहे का?

मूळ लेखन
मुंबईच्या कंबाला हिलवर १९८३ साली उभी राहिलेली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ ही निवासी इमारत मला आजही शहरातील सर्वांत सुंदर उंच इमारत वाटते. पाया अवघ्या २१ मीटर बाजूचा चौरस आणि उंची सुमारे ८४ मीटर, म्हणजे रुंदीच्या चौपट, त्यामुळे ती शेलाटी दिसते. खरे सौंदर्य मात्र तिच्या कोरलेल्या कोपऱ्यांत आहे. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचे ऊन व पावसाचा मारासुद्धा तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांत खोल्यांभोवतीचा व्हरांडा हा पेच सोडवत असे. कोरियांनी तोच व्हरांडा इमारतीच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीची गच्ची करून वर नेला.

पहिला प्रतिसाद
मी असहमत आहे. आपण सांगितले ते कारण बुद्धीला पटते, पण कारण समजावून घेतल्यावरच जे सुंदर वाटते, त्याला दृश्य सौंदर्य कसे म्हणावे? कोपरे वगळले तर सपाट भिंती आणि लहान खिडक्या एवढेच उरते. त्यापेक्षा वरळी-परळचे काचेचे मनोरे मला अधिक भावतात, कारण आषाढातले भरून आलेले आभाळ त्यांच्या अंगावर उतरते.

मूळ लेखकाचे उत्तर
भिंती सपाट आहेत हे मान्य. पण त्या तशा आहेत म्हणूनच कोपऱ्यातील पोकळी खोल दिसते आणि तिच्यातली सावली दिवसभर सरकताना लांबूनही जाणवते. हे पाहायला हवामानाचे कारण ठाऊक असावे लागत नाही. काचेवरचे आभाळ मलाही आवडते, परंतु तो मनोरा दुबईत उभा केला तरी तसाच दिसेल. शिवाय आत ऊन कोंडते आणि ते थंड करण्यासाठी यंत्रे अखंड चालवावी लागतात.

दुसरा प्रतिसाद
मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. २८ मजल्यांत अवघी ३२ घरे असल्यामुळे त्या गच्च्यांवर माणूस क्वचितच दिसतो. माझे बालपण गिरगावातील चाळीत गेले. तिथल्या लाकडी कठड्याच्या सामाईक गॅलरीतूनही वारा खेळत असे, पण तिची शोभा वाळत घातलेली लुगडी, तुळशीच्या कुंड्या आणि संध्याकाळी कठड्याला टेकून बोलणारी माणसे यांत होती. कोरियांच्या गच्चीचे प्रमाण अचूक आहे, हे मी मान्य करते. तरीही रस्त्यावरून वर पाहताना माझी नजर तिथे माणसे शोधते आणि रिकामी परतते.