१९७१ आणि १९८७ : परदेशात सैन्य पाठवण्याचा हिशेब कसा मांडावा?

प्रश्न :
भारताने १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात आणि १९८७ मध्ये श्रीलंकेत सैन्य पाठवले. पहिल्या मोहिमेचा आपल्याला अभिमान वाटतो, दुसरीविषयी आपण फारसे बोलत नाही. हा फरक केवळ निकालाचा आहे, की निर्णय घेतानाच तो दिसायला हवा होता?

प्रतिसाद १ :
दिसायला हवा होता, असे माझे मत आहे. १९७१ मध्ये न जाण्याची किंमत समोर उभी होती : सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आले होते आणि ते परत जाऊ शकतील अशी स्थिती निर्माण करणे हे स्पष्ट उद्दिष्ट होते. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य माघारी आलेही, कारण तिथे सत्ता सोपवण्याजोगे, १९७० च्या निवडणुकीत कौल मिळालेले नेतृत्व होते. श्रीलंकेत मात्र २९ जुलै १९८७ च्या करारावर राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या सह्या होत्या. ज्यांची शस्त्रे खाली ठेववून घ्यायची, त्या एलटीटीईची, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेची, सहीच नव्हती. त्यांनी नकार दिला तर काय, याचे उत्तर ऑक्टोबरात रणांगणावर शोधावे लागले. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले, कारण तुफान गोळीबारामुळे त्यांच्या मागची कुमक उतरूच शकली नाही.

प्रतिसाद २ :
हे पटते, तरी जमेची बाजू कोरी नाही. त्याच करारामुळे श्रीलंकेच्या राज्यघटनेत १३ वी दुरुस्ती झाली, प्रांतिक परिषदा आल्या आणि तमिळला राजभाषेचा दर्जा मिळाला, मग परिषदांना पोलीस आणि जमिनीचे अधिकार पुरतेपणी मिळाले नसले तरी. खर्चाच्या बाजूला मात्र आपण फक्त आपले अकराशेहून अधिक जवान धरतो. त्याच ऑक्टोबरात जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय जवानांच्या गोळ्यांनी रुग्ण, परिचारिका आणि डॉक्टर मेले. तेही याच हिशेबात यायला हवेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :
दोघांचेही आभार. एलटीटीईच्या सहीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. त्याला एवढेच जोडतो की १९८९ मध्ये जयवर्धने यांच्या जागी आलेल्या प्रेमदासांनीच शांतिसेनेला, म्हणजे तिथल्या आपल्या सैन्याला, निघून जायला सांगितले. एका राष्ट्राध्यक्षाचे निमंत्रण म्हणजे साऱ्या देशाची संमती, असे आपण धरून चाललो होतो.