ॲरिझोनातील पंचावन्न-प्लस वसाहतीत हिवाळ्यासाठी घर घ्यावे का?

प्राजक्त:

नमस्कार. आम्ही दोघे बरीच वर्षे मिनेसोटात राहतो. यजमान नुकतेच निवृत्त झाले, त्यांचे वय ६४ आहे. माझे ५२, आणि मी घरूनच काम करते. बर्फावरून घसरून पडण्याची धास्ती आता दोघांनाही वाटते. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च फिनिक्सच्या परिसरात राहावे आणि उरलेले वर्ष इथे मुलीच्या जवळ काढावे, असे मनात आहे. मिनेसोटातले घर विकायचे नाही.

फेब्रुवारीत आम्ही सन सिटी ही ५५ वर्षांवरील लोकांसाठीची वसाहत आणि तिच्या पश्चिमेकडच्या नव्या वसाहती पाहून आलो. कोरडी हवा, सपाट रस्ते, पोहण्याचे तलाव, सुतारकामापासून कुंभारकामापर्यंतच्या कार्यशाळा हे सगळे आम्हाला मनापासून आवडले, आणि एक घर तर यजमानांच्या मनात बसले आहे. पण सही करण्यापूर्वी काही गोष्टी जाणत्यांकडून समजून घ्यायच्या आहेत. सात महिने कुलूपबंद राहणाऱ्या घराचे उन्हाळ्यात काय होते? वयाच्या अटीचा नेमका अर्थ काय, म्हणजे नातवंडे सुट्टीत येऊन राहू शकतील का, आणि आमच्या पश्चात मुलीला त्या घरात राहता येईल का? शिवाय घराच्या किमतीखेरीज कोणते खर्च मागे लागतात?

निवडुंग:

ताई, तुमचा पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आमचे घर फिनिक्सच्या पश्चिमेला आहे आणि आम्हीही एप्रिलमध्ये कुलूप लावून उत्तरेकडे जातो. घर निवडताना लोक हिवाळ्यातील सुख पाहतात, पण पैसा आणि काळजी खरोखर लागते ती उन्हाळ्यातल्या रिकाम्या घराला. २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस फिनिक्सचे कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते. अशा काळात एसी पूर्ण बंद ठेवला तर लाकडी कपाटांचे सांधे सुटतात, रबरी सील चिरतात आणि फर्निचरचा गोंद निकामी होतो. म्हणून थर्मोस्टॅट ८५ ते ९० अंश फॅरनहाइटच्या दरम्यान ठेवून जायचे, आणि न राहणाऱ्या घराचेही वीजबिल भरायचे हे गृहीत धरायचे.

पाण्याच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते. मुख्य झडप बंद करायची, वॉटर हीटर बंद करायचा, आणि मग अंगणातील ठिबक सिंचनाची नळी मुख्य वाहिनीतून घराच्या झडपेच्या आधीच वेगळी निघते की नंतर, हे प्लंबरला विचारून ठेवायचे. बऱ्याच घरांत ती आधीच वेगळी निघते. त्यामुळे घराचे पाणी बंद असले तरी बागेतली फुटकी नळी महिनोन्महिने गळत राहू शकते. दुसरी गोष्ट सिंक, शॉवर आणि फरशीवरील जाळ्यांखालच्या वाकड्या नळ्यांची. त्यात थांबलेले पाणी गटाराचा वास आणि झुरळे अडवून धरते, आणि या हवेत ते काही आठवड्यांत आटून जाते. आम्ही निघण्याच्या दिवशी प्रत्येक जाळीत आधी पाणी ओततो, त्यावर चमचाभर मिनरल ऑइल सोडतो, म्हणजे पाण्याची वाफ होत नाही, आणि मग रबरी झाकण घट्ट बसवतो. हे काम विसरले तर नोव्हेंबरात दार उघडताच त्याचा प्रत्यय येतो.

मान्सूनचा अधिकृत काळ इथे १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात. धुळीच्या भिंती येतात, त्यामागून वादळी पाऊस येतो, आणि छपराची खरी परीक्षा तेव्हाच होते. कौलारू छपराची कौले दीर्घकाळ टिकतात, मात्र कौलांखालचे अस्तर उन्हाने वीस-तीस वर्षांत जीर्ण होते; त्यामुळे रस्त्यावरून सुंदर दिसणारे छप्पर आतून संपलेले असू शकते. तुम्हाला आवडलेले घर जर नव्वदच्या दशकातले असेल, तर अस्तर कधी बदलले याची पावती मागा. बाहेरच्या एसी युनिटवरील पत्र्याच्या पट्टीवर निर्मितीचे वर्ष असते. तेही स्वतः वाकून वाचा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

शेवटी, घरावर नजर ठेवणारा माणूस हवाच. शेजाऱ्याची मदत मोलाची असते, पण दर एक-दोन आठवड्यांनी आत जाऊन नळ, छत आणि एसी पाहून लेखी नोंद पाठवणारी पैसे देऊन ठेवलेली व्यक्ती वेगळी. घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामे राहिल्यास काही विमा कंपन्या गळतीची भरपाई नाकारतात, म्हणून पॉलिसीतील ते कलम आधी वाचा आणि घर हंगामी असल्याचे कंपनीला लेखी कळवा.

सनद:

वयाच्या अटीविषयी मी लिहितो, कारण तुमच्या बाबतीत ती केवळ औपचारिक राहत नाही. १९९५ च्या केंद्रीय कायद्यानुसार वसाहतीला वयाची अट ठेवायची असेल, तर वस्ती असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ वर्षे पूर्ण झालेली एक तरी व्यक्ती राहावी लागते, आणि वसाहतीला ते वेळोवेळी तपासून नोंदवावे लागते. तुमचे यजमान ६४ वर्षांचे असल्याने तुम्ही दोघे आज तिथे राहू शकता. पण तुम्हाला ५५ पूर्ण होण्याआधी, देव न करो, त्यांचे काही बरेवाईट झाले, तर तुमचा तिथे राहण्याचा हक्क उरलेल्या २० टक्क्यांच्या सवलतीवर आणि त्या वसाहतीच्या नियमावलीवर अवलंबून राहतो. अनेक वसाहती हयात जोडीदाराला राहू देतात. पण हा शब्द विक्रेत्याच्या प्रतिनिधीकडून तोंडी घेऊ नका. नियमावलीतील ते वाक्य दाखवायला सांगा आणि त्याची प्रत घ्या.

नातवंडांचेही तसेच. पाहुणे म्हणून मुले येऊ शकतात, मात्र वर्षाकाठी किती दिवस, आणि तलावावर त्यांना कोणत्या वेळी प्रवेश, हे प्रत्येक वसाहत स्वतः ठरवते. मुलगी तुमच्या पश्चात घराची मालक निश्चित होऊ शकते, कारण अट मालकीवर नसून राहण्यावर असते. तिला ५५ पूर्ण होईपर्यंत तिथे कायमचे राहता मात्र बहुधा येणार नाही. घर विकणे, किंवा नियम परवानगी देत असतील तर योग्य वयाच्या कुटुंबाला भाड्याने देणे, एवढेच तिच्या हाती राहील.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमचे मृत्युपत्र मिनेसोटातले असले तरी ॲरिझोनातील जमिनीसाठी तिथल्या न्यायालयात वेगळे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र सिद्ध करून वारसाला मालमत्ता मिळवून देण्याची प्रक्रिया, करावे लागू शकते. ॲरिझोनाचा कायदा बेनिफिशियरी डीडची, म्हणजे मृत्यूनंतर घर कोणाला मिळावे हे आधीच नोंदवणाऱ्या दस्ताची, सोय देतो. हयातीत हा दस्त काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दस्तनोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे रेकॉर्डरकडे, नोंदवला, की तुमच्या दोघांच्या नंतर घर मुलीच्या नावावर प्रोबेटशिवाय जाते, आणि तोपर्यंत तो कधीही रद्द करता येतो. वकिलाकडून हा एक कागद करून घेतल्याने मुलीचे कित्येक महिन्यांचे हेलपाटे वाचतात. आईवडिलांच्या माघारी परक्या राज्यातील न्यायालयाचे उंबरठे झिजवणारी मुले मी जवळून पाहिली आहेत, म्हणून एवढे आग्रहाने लिहीत आहे.

खर्चाबाबत जुन्या आणि नव्या वसाहतींत फरक आहे. सन सिटी १ जानेवारी १९६० रोजी बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी सुरू केली. तिथल्या स्वतंत्र घरांना नेहमीसारखे मासिक एचओए (घरमालक संस्थेचे) शुल्क नसते. करमणूक केंद्रांचे वार्षिक शुल्क असते, आणि खरेदीच्या वेळी एकरकमी वेगळे शुल्क भरावे लागते. नव्या वसाहतींत मासिक शुल्क असते आणि ते वाढत जाते. रकमेपेक्षा संस्थेचा राखीव निधी पाहा. तलाव, छपरे, रस्ते यांच्या भावी दुरुस्तीसाठी पुरेसा पैसा साठवलेला नसेल, तर एक दिवस प्रत्येक घरावर विशेष आकारणी येते आणि हंगामी मालकालाही ती चुकत नाही. राखीव निधीचा अहवाल, गेल्या काही वर्षांची इतिवृत्ते आणि विक्रेत्याचे लेखी प्रकटन (घराच्या स्थितीची त्याने दिलेली माहिती) हे तीनही कागद इन्स्पेक्शनची, म्हणजे करारानंतर घर तपासून घेण्याची, मुदत संपण्यापूर्वी वाचून झाले पाहिजेत. तिथल्या प्रचलित करारात ही मुदत दहा दिवसांची असते, म्हणून कागद पहिल्याच दिवशी मागा.

पूर्वा:

वरील दोघांनी चांगली माहिती दिली आहे, तरी माझे मत घर लगेच घेण्याच्या विरुद्ध आहे. एक हंगाम त्याच वसाहतीत भाड्याने राहा. फेब्रुवारीतील दोन-चार दिवसांत वसाहत पाहता येते, पण मंगळवारी सकाळी तिथे आपल्याशी बोलायला कोण आहे, तुमचे काम सुरू असताना यजमानांचा दिवस कसा जातो, आणि दोघांपैकी एकाचे वाहन चालवणे थांबले तर दवाखान्यात कसे जायचे, हे राहिल्याशिवाय कळत नाही.

स्वस्त दिसणाऱ्या पर्यायांबद्दलही सांगते. फिनिक्सजवळच्या मेसा भागात पार्क मॉडेल नावाची छोटी घरे अल्प किमतीत मिळतात, परंतु खालची जागा बहुधा भाड्याची असते आणि ते भाडे वाढवणे मालकाच्या हाती असते. कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जच्या आसपास काही घरे आग्वा कॅलिएंते या आदिवासी समुदायाच्या जमिनीवर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने उभी आहेत. तिथे घर तुमचे आणि जमीन पट्ट्याची, म्हणून पट्टा किती वर्षे उरला आहे यावर पुढची विक्री आणि कर्ज दोन्ही ठरतात.

पाण्याचा प्रश्न नव्या वसाहतींना जास्त लागू आहे. जून २०२३ मध्ये राज्याने फिनिक्स परिसरात केवळ भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या गृहप्रकल्पांना मंजुरी देणे थांबवले. आधी मंजूर झालेल्या प्रकल्पांना तो निर्णय लागू नव्हता. तरी शहराच्या हद्दीबाहेरचे घर असेल, तर पाणी कोण पुरवते आणि ते कुठून आणते, हे जरूर विचारा.

आणि एक आरोग्याची गोष्ट. तिथल्या मातीतील बुरशीमुळे व्हॅली फीव्हर नावाचा फुप्फुसांचा आजार होतो. देशातील बहुतांश रुग्ण ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातच आढळतात. बहुतेकांना तो सौम्य होतो, पण मधुमेह असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांना तो गंभीर होऊ शकतो. मिनेसोटात परतल्यावर खोकला आणि ताप हटत नसेल, तर आपण ॲरिझोनात राहून आलो आहोत हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण मिनेसोटात हा आजार चटकन कुणाच्या मनात येत नाही.

प्राजक्त:

सर्वांचे मनापासून आभार. हयात जोडीदाराचा मुद्दा आम्हाला सुचलाच नव्हता. आज सकाळीच वसाहतीच्या कार्यालयाकडे नियमावली मागितली आहे. पूर्वाताई, भाड्याचे तुमचे म्हणणे पटते, पण जानेवारी ते मार्च या महिन्यांची भाडी ऐकून यजमान अजून तयार नाहीत. आणखी एक विचारते. दोन राज्यांत राहिल्याने कर आणि मेडिकेअर (६५ वर्षांवरील लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) यांत काही अडचण येते का? त्यांना पुढच्या वर्षी ६५ पूर्ण होतील.

सनद:

तुमचे कायमचे घर मिनेसोटात राहणार आणि तिथला मुक्कामही सात महिन्यांचा, त्यामुळे तुम्ही तिथलेच करदाते राहाल; ॲरिझोनाचा २.५ टक्के प्राप्तिकर पाहून हिशेब मांडण्यात अर्थ नाही. ॲरिझोनात मालमत्ता कर भरावा लागेल, आणि स्वतःच्या मुख्य घराला मिळणारी सवलत तुमच्या हिवाळी घराला मिळणार नाही. नोंदणीच्या कागदावर घराचा वापर नेमका तोच लिहा, दुय्यम निवास. विकताना नफ्यावर केंद्रीय करातून जोडप्याला मिळणारी पाच लाख डॉलरपर्यंतची सूटही मुख्य घरालाच आहे, म्हणजे विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे ते तुमचे मुख्य निवासस्थान असावे लागते.

मेडिकेअरचा निर्णय मात्र घराशी जोडूनच घ्या. मूळ मेडिकेअर देशभर, ते स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. मेडिकेअर ॲडव्हान्टेजचे, म्हणजे खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअरचे, डॉक्टरांचे जाळे बहुधा तुमच्या काउंटीपुरते असते. तातडीचे उपचार बाहेरही मिळतात, पण पाच महिन्यांतल्या नेहमीच्या तपासण्या, फिजिओथेरपी, हृदयाचे डॉक्टर यांची अडचण होते, आणि सलग सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिल्यास बऱ्याच योजनांतून नाव कमी होऊ शकते. मूळ मेडिकेअरला पूरक मेडिगॅप पॉलिसी घ्यायची असेल, तर वय ६५ पूर्ण आणि पार्ट बी (मेडिकेअरमधील डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू अशी स्थिती आल्यापासून पहिले सहा महिने कंपनी प्रकृतीच्या कारणावरून नकार देऊ शकत नाही. मिनेसोटात मेडिगॅपचे प्रकार इतर बहुतेक राज्यांपेक्षा वेगळे आहेत, म्हणून सल्ला तिथल्याच माहीतगाराकडून घ्या, आणि तो यजमानांच्या वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधी घ्या.